एकशे सव्वीस तळी आणि एक मेहुणा

माझा मेहुणा कोथरूडहून निघाला आणि बायबरीमार्गे रायपूरला पोचला. तिकीट पुणे-रायपूर असंच होतं. पण मे महिन्यात तो लेकीकडे इंग्लंडला जाऊन आलेला. तिने त्याला कॉट्सवोल्ड्समधलं बायबरी नावाचं खेडं दाखवलं आणि तेव्हापासून तो कुठेही निघाला तरी आधी बायबरीला जातो, मग इकडे येतो.

पहिल्या संध्याकाळी चहाबरोबर बायबरी झालं. तिथे आर्लिंग्टन रो म्हणून दगडी घरांची एक ओळ आहे. चौदाव्या शतकात लोकर साठवायला बांधलेली, सतराव्या शतकात तिथे विणकर राहायला आले. शेजारून कोल्न नदी वाहते. फोटोत ती आपल्या पाटाएवढी दिसते, पण तिकडे तिला नदी म्हणतात. विल्यम मॉरिसने या गावाला इंग्लंडमधलं सर्वांत सुंदर खेडं म्हटलं होतं, आणि हीच घरं ब्रिटिश पासपोर्टाच्या आतल्या बाजूला छापली होती. दुसऱ्या दिवशी पोह्यांबरोबर हेच सगळं फोटोंसकट झालं. फोटोंत घरं होती, फुलं होती, बदकं होती आणि मेहुणा होता.

"गावातली माणसं कुठायत रे?" हिने विचारलं.

"असतात ना ताई. पडद्याआड असतात."

"का बरं?"

"आमच्यासारखे लोक बघायला येतात ना."

तिसऱ्या दिवशी त्याने माझ्याकडे मोर्चा वळवला. "दाजी, तुमच्या छत्तीसगडात आहे का एखादं खेडं, बघण्यासारखं?"

छत्तीसगडात वीस हजारांच्या वर खेडी आहेत. इथे येऊन हे विचारणं म्हणजे गुहागरला जाऊन नारळाचं झाड कुठे आहे विचारण्यासारखं. त्यात आम्ही तात्यापाऱ्यातले. पारा म्हणजे आळी. रायपूरच्या ऐन मध्यात तात्याच्या नावाची आळी आहे, यावरून काय ते समजा. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे भास्करपंत फौज घेऊन रतनपूरवर चालून आले आणि १८५४ पर्यंत या ना त्या रूपाने इकडे भोसल्यांचा अंमल राहिला. फौजा परत गेल्या, कारकून राहिले. आम्ही त्या राहिलेल्यांपैकी. त्यामुळे आमच्या मराठीला महानदीचं पाणी लागलेलं आहे. माझा मुलगा "मामा, तू काय करून राहिला?" असं विचारतो तेव्हा मेहुण्याच्या चेहऱ्यावर दाढ दुखल्यासारखे भाव येतात.

"बायबरीत तळी किती?" मी विचारलं.

"तळी? नदी आहे."

"आमच्या चंदखुरीत एकशे सव्वीस आहेत."

पोह्यांचा चमचा हवेतच थांबला. मेहुणा निवृत्त ऑडिटर आहे. सौंदर्य त्याने सोडून दिलं असतं, आकडा सोडणं शक्य नव्हतं. "कुणी मोजलीत?" तो म्हणाला. आम्ही निघायचं ठरलं ते तिथेच.

दिवस नेमका हरेलीचा मिळाला. हरेली म्हणजे छत्तीसगडी वर्षातला पहिला सण. आषाढातली आपली दिव्यांची अवस, तोच दिवस. पुण्यात त्या दिवसाला आणखी काय म्हणतात, ते मेहुण्याला ठाऊक होतं, पण ताईसमोर तो बोलला नाही. ही घरीच थांबली. गाडीत मी, मेहुणा, आमचे आठवीतले चिरंजीव आणि एक नवी कोरी वही.

निघण्यापूर्वी चिरंजिवांनी एक मुद्दा काढला. इकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. कारण हा प्रदेश दक्षिण कोसल, म्हणजे कौसल्येचं माहेर, म्हणजे राम सगळ्या गावांचा भाचा. त्या नात्याने हरेक भाच्यात थोडा राम असतो, अशी इथली समजूत. आमच्या घरच्या भाच्यात तो कुठे असेल हे मला चौदा वर्षांत सापडलेलं नाही, पण रीत ती रीत.

"आमच्यात उलट असतं," मेहुणा म्हणाला.

"पण मामा, तू इकडे येऊन राहिला ना?"

"आलास! येऊन राहिला नाही, आलास!"

विषय व्याकरणावर गेला आणि पाय वाचले.

तेलीबांध्याच्या तळ्याकाठून जाताना मी सांगितलं, याला आम्ही मरीन ड्राइव्ह म्हणतो. मेहुण्याने खिडकीतून बराच वेळ पाहिलं आणि समुद्राची चौकशी केली. समुद्र विशाखापट्टणमला, पाचएकशे किलोमीटर पुढे. मंदिर हसौदला आम्ही हमरस्ता सोडला आणि दोन्ही बाजूंना भातखाचरं सुरू झाली. तो हिरवा रंग मला सांगता येणार नाही. पोपटी म्हणावं तर पोपट त्यात बसला की दिसत नाही. खाचरांत माणूस नव्हता, कारण हरेलीला नांगरालाही सुट्टी असते. नांगर, कुदळी, कोयते धुऊन अंगणात मांडलेले, त्यांना हळदकुंकू, समोर गुळाच्या चीलाचा नैवेद्य. चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचं धिरडं. दारादारांत कडुनिंबाच्या डहाळ्या खोवलेल्या. चैत्रात आपण निंब खातो, इथले लोक श्रावणाच्या तोंडाशी तो दाराला लावतात. मला तरी ही पद्धत बरी वाटते.

गाडीत हेन्री फोर्ड निघाला. त्या मोटारवाल्या फोर्डला कॉट्सवोल्ड्सची घरं इतकी आवडली, की चेडवर्थ गावातलं एक घर विकत घेऊन, दगडनदगड सुटा करून त्याने ते बोटीने अमेरिकेला नेलं आणि मिशिगनमध्ये पुन्हा उभं केलं. "याला म्हणतात खेडं!" मेहुणा म्हणाला. मी मनात म्हटलं, तळं न्यायचं असतं तर फोर्डसाहेबांनी काय केलं असतं?

गावात शिरल्यावर पहिली माणसं भेटली ती गुडीवर. गुडी म्हणजे गावाची बसायची जागा, आपली चावडी. मेहुण्याने गुढी ऐकलं आणि पाडवा कधी असतो ते त्यांना सांगायला लागला. एका म्हाताऱ्या बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कुठून आलात म्हणून विचारलं.

"पुणे," मेहुणा म्हणाला. "आणि हे कुठलं गाव?" खात्री करून घेणं हा त्याच्या धंद्याचा भाग.

बाबा छातीवर हात ठेवून म्हणाले, "ये मोर गाँव आय, साहेब."

"मोरगाव?" मेहुणा माझ्याकडे वळला. "दाजी, मोरगाव जेजुरीच्या पुढे आहे. अष्टविनायकांतलं पहिलं. तुम्ही मला चंदखुरी म्हणाला होतात!"

छत्तीसगडीत मोर म्हणजे माझं, हे त्याला समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली. त्या दहा मिनिटांत बाबांना असं वाटलं, की पुण्याचे साहेब गाव त्यांचं नाही म्हणतायत. त्यांनी दोन साक्षीदार बोलावले.

मग मी मुद्द्याला हात घातला. गावात तळी किती?

"छै आगर छै कोरी," तिघेही एका सुरात म्हणाले.

"आगर?" मेहुण्याचं आजोळ कोकणातलं. "म्हणजे नारळी-पोफळीचं?"

नव्हे. कोरी म्हणजे वीस, आपली कोडी. सहा कोडी एकशे वीस, त्यावर सहा आगर, म्हणजे आगळे, जास्तीचे. एकशे सव्वीस. मोठ्या गावाची मोठाई सांगायला छत्तीसगडात हाच आकडा वापरतात. आरंगमध्ये विचाराल तर हाच, रतनपूरला विचाराल तर हाच. म्हणजे आपल्या मारुतीच्या शेपटासारखं. लांबी कुणी मोजलेली नाही, पण लांब आहे यावर एकमत. हे मी मेहुण्याला सांगायला नको होतं.

"तीन गावांचा एकच आकडा?" त्याने पेनाचं टोपण काढलं. "मग तर प्रत्यक्ष पडताळणीच करायला हवी."

पहिलं तळं जलसेन. त्याच्या मधोमध कौसल्येचं देऊळ, पुलावरून चालत जायचं. २०२१ मध्ये सरकारने सारा परिसर नव्याने सजवला. गाभाऱ्यात कौसल्या बसलेली आणि तिच्या मांडीवर लहानगा राम. अयोध्येत राम राजा असतो, इथे तो आजोळी आलेला आहे. मला देवळांतलं फारसं कळत नाही, पण मांडीवरचा देव पाहिला की दर्शनाची घाई होत नाही. बाहेर एक म्हातारी बेलफुलं विकत होती. तिने आम्हां तिघांना नीट न्याहाळलं, नाती विचारून घेतली आणि मेहुण्याला चिरंजिवांच्या पायांकडे बोट दाखवलं. मेहुण्याने घाईघाईने वहीत "१" लिहिलं आणि तो पूल उतरला.

पुढची चार तळी सुरळीत मिळाली. बाबा आता वाटाड्या म्हणून सोबत आले होते. सहाव्यापाशी लफडं झालं. तळ्याच्या मध्यभागी पाण्यातून एक लाकडी खांब वर आलेला. काळा पडलेला, माथ्यावर शेंदराचा पुसट डाग, आणि त्यावर एक पाणकावळा पंख पसरून वाळत बसलेला. खांबाभोवतीचं पाणी हलत नव्हतं. अलीकडे पायऱ्यांवर एक बाई पितळी कोपर राखेने घासत होती आणि प्रत्येक घासण्यासरशी वर्तुळं निघत, ती खांबाजवळ पोचेपर्यंत विरून जात.

"हा कशाला?" मेहुण्याने विचारलं.

"बिहाव," बाबा म्हणाले. लग्न. या तळ्याचं लग्न झालेलं आहे. विधी करून साल लाकडाचा खांब मधोमध रोवला, की तळं लग्नाचं होतं. बिनलग्नाच्या तळ्याचं पाणी शुभकार्याला घेत नाहीत.

"लग्न कुणाशी?"

बाबांनी मेहुण्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नसावा. मेहुण्याने वहीत नवा रकाना आखला: विवाहित, अविवाहित.

पुढे रकाने वाढतच गेले. एक तळं कोरडं होतं, त्यात मुलं क्रिकेट खेळत होती. ऐन पावसाळ्यात कोरडं कसं, तर बांध फुटलाय, पुढल्या वर्षी बांधतील. ते मोजायचं का? एकावर अर्धी घरं उठली होती. म्हशी बसतात ते आणि माणसं नाहतात ते, वेगळी की एकाचीच दोन अंगं? आणि बाराव्यापाशी बाबांनी सांगितलं, की हे पावसाळ्यात एक असतं, उन्हाळ्यात पाणी ओसरलं की दोन होतात.

"मग मार्चअखेर किती धरायची?" मेहुणा जवळजवळ ओरडला.

"जितकी हवीत तितकी धरा," या अर्थाचं काहीतरी बाबा म्हणाले. ते स्वतः या गावात सत्तर पावसाळे नाहले होते, सगळे एकाच तळ्यात. बाकीची मोजायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती.

दुपारी दोनला वहीत सतरा तळी होती आणि मेहुण्याच्या बुटांत अठरावं. बाबांच्या घरी पडवीत बसलो. गरम गुळाचा चीला आला, सोबत पताल चटणी. पताल म्हणजे टोमॅटो. "पाताळातून आणली काय?" असा विनोद मेहुण्याने करून पाहिला, तो कुणाला कळला नाही, पण चटणी त्याने चारदा मागून घेतली. बायबरीत काय खाल्लं होतंस, मी विचारलं. सँडविच, तो म्हणाला, आणि पाचव्या चीलाकडे वळला. घरातल्या सुना, पोरं, शेजारी, शेजाऱ्यांच्या सुना, सगळे दारात उभे राहून त्याचं खाणं बघत होते. इथे पडद्याआड कुणी नव्हतं. पडदा हवा असेल तर तो मेहुण्यालाच.

आणि मग गेंडी निघाली. दोन बांबू, जमिनीपासून दीडदोन फुटांवर पाय ठेवायला बांबूच्याच खुंट्या, सुंभाने करकचून आवळलेल्या. सुंभावर थोडं रॉकेल ओततात, म्हणजे चालताना रच-रच असा आवाज येतो. आवाज नसेल तर गेंडीला मजा नाही. श्रावणातल्या चिखलातून पाय न भरता जायची ही युक्ती, तिचा हरेलीला खेळ होतो. गावची पोरं तिच्यावर चढून पळतात, नाचतात. आमचे चिरंजीव महाराष्ट्र मंडळाच्या स्नेहसंमेलनात भाषण विसरतात, पण गेंडीवर चढले की सारस पक्षी. बांधाकडेने एक फेरी मारून ते खाली उतरले आणि गेंडी मामापुढे धरली.

"जमेल मामा. भ्यायचं नाही."

"भ्यायचं काय त्यात?" मेहुणा म्हणाला. "लहानपणी हत्ती गणपतीजवळ..." हत्ती गणपतीजवळ काय झालं होतं ते अजून कळलेलं नाही, कारण तोवर तो वर चढला होता.

चार पावलं तो खरोखर चालला. रच, रच, रच, रच. कोथरूडचा निवृत्त ऑडिटर छत्तीसगडच्या आभाळात दीड फूट उंच. टाळ्या पडल्या. टाळ्यांना मान द्यायला त्याने मान वळवली, डावी गेंडी बांधावर राहिली आणि उजवी खाचरात गेली. मेहुणा दोन्हींच्या मधून पुढे आला, पालथा, दोन्ही हात लांब करून. चिरंजीव त्याला धरायला खाचरात धावले होते. ते जिथे पोचले, नेमके तिथेच मेहुण्याचे हात पोचले.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग दारातली एक म्हातारी समाधानाने म्हणाली, "बने करे."

चिरंजिवांनी इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मामाच्या चिखलभरल्या डोक्यावर हात ठेवला. "खुशी रह, मामा."

त्याला उचलून बांधावर बसवला. कंबर धरली होती. बाबांनी दिलासा दिला, की गावात सुषेण वैद्याचीही जागा आहे, लक्ष्मणाला शक्ती लागली तेव्हा बोलावला होता तोच, फार लांब नाही. मेहुण्याने हाताने नको नको केलं. तो खाचराकडे बघत होता. त्याच्या अंगाने चिखलात चांगला सहा फुटी खड्डा पडला होता आणि चहूकडून पाणी येऊन तो भरत होता. एक बेडूक राहायलाही आला होता.

"बाबा," मेहुण्याने हिंदीत विचारलं, "ये गिनना है क्या?"

बाबा उकिडवे बसले. पाणी किती, बांध कसा, काठ पक्का की कच्चा, सगळं त्यांनी नीट पाहिलं.

"धर ले," ते म्हणाले.

मेहुण्याने वही मागितली. सतराच्या खाली चिखलाच्या बोटांनी अठरा लिहिलं, आणि थोडा विचार करून "अविवाहित"च्या रकान्यात खूण केली.