पुढं डॉल्बी, मागं अंधार

एक टन उसातून साखर किती निघते, हे आपल्याकडे दशांशचिन्हापुढच्या दुसऱ्या आकड्यापर्यंत पाठ असतं. सोमेश्वर कारखान्याचा दर माळेगाव कारखान्यापेक्षा पाच रुपयांनी खाली आला तर माळेगावच्या सभासदाला गुदगुल्या होतात, वर गेला तर त्याला रात्रीची झोप लागत नाही. उतारा, कपात, तोडणी, वाहतूक, सगळ्याचा पै न् पै हिशेब. हाच ऊस रात्री नीरा-बारामती रस्त्यानं चालतो तेव्हा ट्रॉलीच्या मागं लाल दिवा असतो का, हा प्रश्न मात्र वार्षिक सभेत कुणी माइक हिसकावून विचारल्याचं ऐकिवात नाही.

हंगामात करंजेपुलाच्या चौकात संध्याकाळी उभं राहून बघा. आधी गाणं येतं, मग ट्रॅक्टर. हेडवर चार दिवे कंपनीचे आणि सहा हौसेचे, बॉनेटवर झेंडा, ड्रायव्हरच्या डोक्यामागं त्याच्यापेक्षा मोठा स्पीकर. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात आणि कान बसतात. मग दोन ट्रॉल्या सरकतात, वीसेक टनांचा डोंगर. डोंगर संपला की काहीच नाही. मागच्या फाळक्यावर धन्याचं नाव, पोरांची नावं, ‘नाद करायचा नाय’ वगैरे सगळं आहे, फक्त वाचायला उजेड नाही. ड्रायव्हरला हटकलं तर तोच उलटा विचारतो, "येवढी मोठी ट्रॉली दिसत नाय व्हय?"

नाय दिसत. ताशी साठच्या वेगानं मोटारसायकल सेकंदाला साडेसोळा मीटर पळते. पुढं काहीतरी आहे हे डोक्यात शिरून ब्रेकवर पाय जाईपर्यंत दीडेक सेकंद, म्हणजे पंचवीस मीटर तिथंच संपले. गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर. डिपरचा उजेड कामाला येतो तो साधारण चाळीस-पन्नास मीटर. म्हणजे ट्रॉली दिसली आणि ट्रॉली लागली, यात उरतं ते नशीब. त्यात समोरून सहा हौशी दिवे येत असतील किंवा डिसेंबरच्या पहाटे डाव्या कालव्यावरचं धुकं रस्त्यावर उतरलेलं असेल, तर नशीबही नाही.

आता कुणी म्हणेल, रेडियम लावतात की दरवर्षी. लावतात ना! हंगामाच्या तोंडाला कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या आवारात कार्यक्रम होतो. साहेब येतात, नारळ फुटतो, चार ट्रॉल्यांना लाल पट्ट्या चिकटतात, फोटो निघतात. त्या फोटोत एक गोष्ट नीट बघा. ट्रॉली रिकामी असते. ती फडातून भरून आली की उसाची शेंडी मागच्या फाळक्यावरून हातभर खाली लोंबते आणि पट्टी तिच्याआड जाते. जी काही बाहेर डोकावते तिच्यावर फडातला चिखल बसतो. म्हणजे रिकामी ट्रॉली रात्री लांबून झळकते आणि भरलेली गुपचूप जाते. बैलगाडीची तर बातच नको. ती मोटार वाहन कायद्यात बसत नाही, त्यामुळं तिच्या मागं चकाकायचं काम बिचाऱ्या बैलांच्या शिंगांच्या रंगावर. तीही पुढच्या बाजूला.

ट्रॉली बंद पडली तर? तेव्हा खरी रस्ता सुरक्षा सुरू होते. चाकाखाली दगड, मागं वीस पावलांवर आणखी चार दगड, त्यावर झाडाची फांदी. पहाटे मिस्त्री येतो, ॲक्सल बसतो, ट्रॉली जाते. दगड तिथंच. पुढं आठवडाभर ते रस्त्याची राखण करतात, दुधाच्या गाड्या त्यांना वळसा घालतात आणि एखादा नवखा घालत नाही.

सगळं पाप ट्रॉलीच्या माथी मारून आपण मोटारसायकलवाले मोकळे, असंही नाही. श्रावणी सोमवारी करंज्याच्या सोमेश्वराला जाणारी गाडी आठवा. टाकीवर धाकटा, मग बाप, मग थोरली, मग आई, तिच्या हातात पूजेचं ताट. हेल्मेट आहे, आरशाला अडकवलंय. "हितंच तर जायचंय!" देशात 2022 साली हेल्मेट नसलेले 50,029 जण रस्त्यावर गेले. त्यातल्या बऱ्याच जणांना हितंच जायचं असणार. चार वर्षांखालच्या पोराला गाडीवर नेताना हार्नेस, हेल्मेट आणि ताशी चाळीसच्या आत वेग, असा नियम 2023 पासून लागू आहे. आपण त्याला टोपडं घालतो.

आणि सोळा वर्षांचा लेक डेअरीला दूध घालायला बुलेट काढतो तेव्हा बापाच्या छातीचं माप घ्यावं. "पोरगं लई भारी चालवतं." चालवत असेल. पण त्याच्या हातून काही झालं तर कलम 199(अ) बापालाच धरतं: तीन वर्षांपर्यंत कैद, 25 हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. कायदा 2019 पासून एवढा कडक आहे. त्याचा धाक का बसला नाही, हे 19 मे 2024 ला पुण्याच्या कल्याणीनगरात सगळ्यांनी पाहिलं. अल्पवयीन पोराच्या पोर्शनं दोघांचा जीव घेतला आणि पहिल्या दिवशीच्या जामिनाच्या अटींत एक अट होती, रस्ते अपघातांवर 300 शब्दांचा निबंध. बोंब झाल्यावर आदेश बदलला. त्या भावानं हे सदर दोन निबंधांच्या पुढं गेलंय, तेव्हा मी बऱ्याच गुन्ह्यांतून सुटायला हरकत नसावी.

थट्टा पुरे. उपाय साधा आहे आणि तो प्रत्येक कारखान्याच्या दारातच आहे. प्रत्येक ट्रॉली, प्रत्येक गाडी वजनकाट्यावर थांबते, त्याशिवाय गव्हाणीत मोळी पडत नाही. चिटबॉय उसाची जात बघतो, काट्यावरचा माणूस किलोकिलोचा हिशेब धरतो. तिथंच आणखी एकानं मागं जाऊन बघायचं: दिवा लागतो का, पट्टी शेंडीच्या वर बांधलीय का. नसेल तर गाडी बाजूला, वजन होणार नाही. पहिल्या रात्री आरडाओरडा होईल, चेअरमनला फोन जातील. तिसऱ्या रात्री यार्डाबाहेरच्या टपरीवर रेडियम विकायला येईल.

सभासदहो, येत्या वार्षिक सभेत दराचा विषय झाला की माइक सोडू नका. हा ठराव मांडा.