माळ्यावर कोण आहे?
(नाताळचा भयपट पाहू इच्छिणाऱ्या पेण-रोहेकर नवशिक्यांसाठी)

साहित्य : माळा असलेलं जुनं घर, पेणचे पोह्याचे पापड, बढाया मारणारा एक आतेभाऊ.

1. सिनेमा नीट निवडा. नाव ‘ब्लॅक ख्रिसमस’, साल 1974, देश कॅनडा, दिग्दर्शक बॉब क्लार्क. याच नावाचे 2006 आणि 2019 चेही सिनेमे आहेत. ते लागले तर पापड खाऊन झोपा.

2. थंडीची सोय करा. पडद्यावर बर्फ, सुट्टीला निघालेल्या वसतिगृहातल्या मुली आणि घाणेरडे निनावी फोन. रोह्यात तेव्हा पंखा एकवर असतो. तो बंद करा.

3. खुनी शोधत बसू नका. त्याचा चेहरा शेवटपर्यंत धड दिसत नाही, दाराच्या फटीतून दिसतो फक्त एक डोळा. पेणकरांना हे समजवावं लागणार नाही. कारखान्यात पांढरेफटक गणपती रांगेनं उभे असतात, त्यांच्यामधून आपण खुशाल फिरतो. डोळ्यांची आखणी झाली की मात्र मूर्ती आपल्याकडे बघायला लागते. क्लार्कनं मूर्ती घडवलीच नाही, नुसती आखणी केली.

4. मान द्यायचा त्याला द्या. सुरुवातीला आपण खुन्याच्या नजरेनं घरात शिरतो. त्यासाठी बर्ट डन्क हा कॅमेरावाला खांद्याला कॅमेरा बांधून स्वतः भिंतीवर चढला होता. चार वर्षांनी आलेल्या ‘हॅलोविन’ या सिनेमाची सुरुवातही अशीच झाली आणि नाव त्याचं झालं. राबला एक, जेवला दुसरा.

5. कान उघडे ठेवा. संगीतकार कार्ल झिटररनं पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या बांधल्या होत्या. घरच्या पेटीवर हा प्रयोग करू नका, तिला तारा नसतात.

6. आजोबांना शेजारी बसवा. फोन कुठून आला हे शोधायला एक माणूस एक्सचेंजमधल्या खडखडणाऱ्या यंत्रांच्या रांगांमधून धावत सुटतो. मोबाईलवाल्या नातवंडांना यात भ्यायचं काय ते कळत नाही. ट्रंक कॉल लावून ताटकळलेल्या माणसाला कळतं.

7. वर बघू नका. सिनेमातही पोलीस बघत नाहीत. एक मुलगी बेपत्ता होते, पोलीस बाहेर सगळं पालथं घालतात, आणि माळा तसाच राहतो. आपल्याकडे तरी वेगळं काय? मोडका पाळणा, पितळी हंडे, पणजोबांची ट्रंक हे सगळं वर आहे एवढं माहीत असतं. शेवटचं वर कोण गेलं होतं, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

याच क्लार्कचा 1983 चा ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा हसरा सिनेमा अमेरिकेत घरोघरी दर नाताळात लागतो. त्याचं हे थोरलं भावंड आपल्याकडे अजून माळ्यावरच पडून आहे. यंदा त्याला खाली आणा.

आणि गोधड्याही वर असतील, तर त्या दिवसाउजेडीच काढून ठेवा. सिनेमा संपल्यावर आतेभाऊ जाणार नाही.