कोंडा म्हशीला, भात मामाला

सावली गावात पाहुण्याला पोळ्या कितीही वाढा, शेवटी भात पडला नाही तर तो उपाशी उठला असेच धरतात. आमचे मामा पुण्याला मुलाकडे महिनाभर राहून आले. सुनेने रोज तव्यावरची गरम पोळी वाढली. परतल्यावर मामांनी गावभर सांगितले, "पोरगी गुणाची आहे गा, पन जेवाले नाही देत."

हा सगळा झाडीपट्टीचा मुलूखच धानाचा. इथल्या तांदळाचे नावदेखील मनगटावरून आलेले. पलीकडच्या नागभीड तालुक्यात नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत वेगळी दिसणारी लोंबी हेरली, ती निवडून पेरत गेले आणि बारीक तांदळाचे वाण हाती आले. त्या काळी चलती एचएमटी घड्याळाची होती. तेच नाव वाणाला चिकटले.

आता बारीक आहे म्हटल्यावर तो पांढराही हवाच. मिलवर मामांची परीक्षा बघण्यासारखी असते. पट्टा फडफडतोय, कोंड्याची धूळ भुवयांवर बसतेय, आणि मामा चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडताहेत. जरा तांबूस झाक दिसली की हाक, "अजून एक हात मार गा!" त्या एका हातात तांदळाची उरलीसुरली जीवनसत्त्वे सालीसकट कोंड्यात जातात. कोंडा पोत्यात भरून घरी येतो आणि म्हशीपुढे पडतो. म्हैस तुकतुकीत आहे. मामांना जिना चढताना दम लागतो.

हे सांगायला कोणी आले नाही असेही नाही. १९३६ साली गांधी सेवा संघाचे अधिवेशन सावलीलाच भरले होते आणि खुद्द गांधीजी मुक्कामाला होते. त्याच सुमारास ते 'हरिजन'मधून हातसडीच्या तांदळाची बाजू मांडत होते; १९३४ मध्ये निघालेल्या ग्रामोद्योग संघाच्या कामातही ती होतीच. सावलीने खादी ठेवून घेतली, मुसळ तेवढे परत केले.

मग लोकांच्या अंगात रक्त कमी म्हणून सरकारला काळजी लागली. आधी शेजारच्या गडचिरोलीत प्रयोग झाला आणि पुढे रेशनच्या तांदळातच लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ येऊ लागले. कृती मोठी मजेची आहे. तांदळाचे पीठ करायचे, त्यात ही औषधे कालवायची, यंत्रातून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे पाडायचे आणि शंभर दाण्यांत एक या हिशेबाने मिसळायचे. म्हणजे यंत्राने काढलेले यंत्रानेच परत घालायचे.

पण मामीच्या सुपातून सुटेल तर शपथ! चष्मा नाकावर ओढून ती अंगणात बसते आणि तो किंचित पिवळट दाणा बरोब्बर वेचते. "प्लास्टिकचा आहे, पान्यावर तरंगते पाय." आशाताई घसा कोरडा करून समजावते, मामी मान डोलावते, चहा पाजते, आणि ताईची पाठ वळली की वेचलेले मूठभर दाणे कोंबड्यांना टाकते. ताईने दिलेल्या लोहाच्या गोळ्या देव्हाऱ्यात आहेत. त्यांना रोज उदबत्ती मिळते. रक्त मात्र दर तपासणीत कमीच भरते, आणि त्याचा दोष मामी हवामानाला देते.

एक खरे, पावसाळ्यात ही माणसे आमच्यापेक्षा बरे खातात. तरोट्याची कोवळी भाजी, वास्ते म्हणजे बांबूचे कोंब, आणि नशीब असेल तर सात्या, म्हणजे रानातल्या अळंब्या. सात्या दारावर आल्या की मामी भाव करत नाही, हा एकच भाजीचा मान मी त्या घरात पाहिला आहे. तरी ताटात भाजी चमचाभर आणि भाताचा डोंगर, हे प्रमाण काही ढळत नाही.

मध्यंतरी पुण्याच्या मुलाला डॉक्टरांनी आहारतज्ज्ञाकडे धाडले. त्याने वडिलांच्याही प्रकृतीसाठी म्हणून दोन किलो ब्राऊन राइस कुरिअरने पाठवला. किंमत वाचून मामी मटकन खाली बसली. मामांनी पाकीट फोडले, चार दाणे तळहातावर घेऊन अंगठ्याने रगडले आणि हळहळले, "शहरात फसवलं पोराले. अर्धाच कांडला आहे." आणि पाकीट पिशवीत टाकून, सायकलला अडकवून मिलकडे निघाले.