वेरूळ उरकण्याची शास्त्रोक्त पद्धत

वेरूळचे कैलास लेणे कोणी बांधले नाही, हे शाळेच्या सहलीत आलेल्या मुलालाही पाठ असते. बाहेरून दगड आणून तिथे काही रचलेले नाही. डोंगराच्या माथ्यापासून खाली उतरत कारागिरांनी नको तो खडक काढून टाकला आणि जे उरले त्याला आपण देऊळ म्हणतो. म्हणजे सगळा कारभार वजाबाकीचा. असे असताना लेणी पाहण्याचे शास्त्र मात्र आजवर बेरजेवर उभे आहे: आणखी एक लेणे पाहा, आणखी एक शिल्प समजून घ्या, आणखी थोडा वेळ थांबा. हा विसंवाद दूर करणे हा प्रस्तुत मार्गदर्शनाचा हेतू आहे. जी वास्तू वजाबाकीने घडली, ती वजाबाकीनेच पाहिली पाहिजे. छत्रपती संभाजीनगरहून सकाळी निघून देवगिरीचा किल्ला, भद्रा मारुती, वेरूळ, घृष्णेश्वर, बीबी का मकबरा आणि पैठणीचे दुकान एका दिवसात उरकणारी सहल हे तत्त्व अनुभवाने पाळतच आली आहे. तिला उणीव होती ती फक्त तात्त्विक बैठकीची.

पहिली वजाबाकी लेण्यांची. वेरूळला क्रमांक दिलेली ३४ लेणी आहेत: १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ जैन. ती सुमारे दोन किलोमीटरच्या कड्यात दक्षिणेकडून उत्तरेकडे पसरली आहेत. त्यांतले सोळावे, म्हणजे कैलास, नेमके समोर येते. राष्ट्रकूटांनी वाहनतळ डोळ्यांपुढे ठेवूनच ही जागा निवडली असावी. तेव्हा १६ ठेवावे आणि उरलेली ३३ वजा करावीत. यात केवळ पायपीट वाचते असे नाही. दहावे लेणे वाचते. तिथे दगडी छताला लाकडी वाशांसारख्या फासळ्या कोरलेल्या आहेत आणि स्तूपाच्या पुढ्यात भव्य बुद्ध बसले आहेत. दगडात कशाचाही भार न पेलणारे वासे कोरायची गरज कोणाला आणि का पडली असेल, हा प्रश्न तिथे उभ्या उभ्या छळू लागतो. बाराव्या लेण्याचे तीन मजले वाचतात आणि वरच्या मजल्यावर ओळीने बसलेल्या बुद्धांपुढे आपोआप आवाज खाली येण्याची नामुष्कीही टळते. बत्तिसाव्या लेण्यातली आंब्याखाली बसलेली अंबिका वाचते. तिच्या लेण्याला लोक इंद्रसभा म्हणतात, कारण तिथल्या हत्तीवर बसलेल्या जैन यक्षाला कधी काळी कोणी इंद्र समजले. घाईने पाहिल्याचे फळ इतके टिकाऊ असते, याहून मोठा आधार आपल्या पद्धतीला कोणता हवा?

यावर आक्षेप येईल की वेरूळचे मोल एका लेण्यात नसून शेजारात आहे. तीन धर्मांची लेणी एकाच कड्यात खोदली गेली, काही शतके हे काम चालले, आणि क्रमांक हे केवळ जागेचे असून काळाचे नाहीत; २१ आणि २९ ही हिंदू लेणी बौद्ध लेण्यांच्या आधीची असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच घातक आहे. पंधरावे लेणे बौद्ध विहार म्हणून सुरू झाले आणि पुढे दशावतार झाले, एवढे एक वाक्य मंडळींना कळले, तर परतीच्या वाटेवर गाडीत दोन तट पडतील. सगळे कायम गुण्यागोविंदाने नांदत होते असे मानणाऱ्यांची त्याने पंचाईत होते, आणि सगळे कायम एकमेकांच्या उरावर बसले होते असे मानणाऱ्यांचीही होते. सारख्याच हातोटीचे काम, सारखेच खांब आणि आश्रयदाते मात्र निरनिराळे, असा अडचणीचा पुरावा वजा केलेलाच बरा. शिवाय वजाबाकीने आनंदात बाधा येत नाही, हे अकराव्या लेण्याने सिद्ध केले आहे. त्याला ‘दोन ताल’ म्हणतात, कारण तळमजला गाळात गाडलेला होता. १८७६ मध्ये तो मोकळा झाला, मजले तीन भरले, तरी नाव दोनच मजल्यांचे राहिले. कोणाचीही तक्रार नाही.

दुसरी वजाबाकी वेळेची. कैलासाचे आवार सुमारे २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला १०७ फूट खोल आहे. इथे बेसावध माणूस सहज अडकतो. जोत्याला हत्तींची रांग आहे, एका भिंतीवर रामायण आणि दुसरीवर महाभारत पट्ट्यापट्ट्यांनी कोरले आहे, आणि दक्षिणेला रावण कैलास हलवतो आहे. त्या शिल्पात खाली रावणाच्या हातांची झटापट आहे, वर पार्वती दचकून शिवाला बिलगली आहे, दासी पळत सुटली आहे आणि शिव मात्र स्वस्थ बसला आहे. नजर खालून वर गेल्याशिवाय हा सगळा खेळ कळत नाही. तितक्या वेळात मोबाइलवर डझनभर फोटो निघतात. म्हणून पाठ रावणाकडे आणि तोंड मोबाइलकडे, ही या पद्धतीतली मूळ मुद्रा होय. तीत शिल्प फोटोत येते पण डोळ्यांत जात नाही. फोटो घरी निवांत पाहता येईल, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या खांद्यामागचा रावण मोठा करून पाहणारा मनुष्य अद्याप जन्माला यायचा आहे. डोंगरावर जाणारी बाजूची वाटही टाळावी. तिथून सगळे देऊळ एका नजरेत येते, मंडपाच्या छतावरचे कमळ आणि चार सिंह दिसतात, काम वरून सुरू झाले म्हणजे काय हे शब्दावाचून समजते. पण आपला चेहरा त्या चौकटीत फारच लहान येतो.

तिसरी वजाबाकी कारागिरांची, आणि ती सर्वांत नाजूक. इ. स. ८१२ च्या बडोदा ताम्रपटात राष्ट्रकूट कृष्णराजाने एलापुराला, म्हणजे वेरूळला, घडवलेल्या अद्भुत मंदिराचे वर्णन आहे. विमानांतून जाणारे देव ते पाहून चकित झाले आणि आपल्या हातून हे झालेच कसे, म्हणून खुद्द घडवणाराही थक्क झाला, असा त्याचा आशय आहे. यातली विमाने तेवढी ठेवावीत. राजा आणि कारागीर वजा करावेत. मग व्हॉट्सॲपवरचा हिशेब आपोआप जुळतो: चार लाख टन खडक, अठरा वर्षे, म्हणजे बारा तासांच्या दिवसात तासाला पाच टन, जे माणसाला अशक्य, सबब परग्रहावरची मंडळी. हे चार लाख टन आवाराची लांबी, रुंदी आणि खोली यांचा थेट गुणाकार केला की मिळतात. डोंगराचा उतार त्यातून वजा करायचा नाही आणि मधोमध उभे असलेले देऊळही वजा करायचे नाही. संपूर्ण पद्धतीत वजाबाकीला सक्त मनाई असलेली ही एकच जागा आहे. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी मांडलेला हिशेब याला आडवा येतो: एक माणूस दिवसाला सुमारे चार घनफूट खडक फोडतो असे धरले, तर अडीचशे माणसांना हे खोदकाम साडेपाच वर्षांत जमते. भिंतींवर छिन्नीचे घाव आहेत, अर्धवट सोडलेल्या लेण्यांत कामाचे टप्पे दिसतात, आणि वरून खाली खोदल्याने परांची उभारण्याचा खटाटोप वाचतो. एवढेच कशाला, आपल्या मराठी ‘कथाकल्पतरू’तली दंतकथासुद्धा या कामी उपयोगाची नाही. कळस दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा राणीने नवस केला, तेव्हा पैठणच्या कोकस वाढईने कळसापासूनच काम सुरू केले, असे ती सांगते. दंतकथेलाही तिथे माणूसच सुचला आणि कामाचा क्रमही तिने बरोबर सांगितला, हे तिचे दोन मोठे दोष.

चौथी कृती, म्हणजे भिंतीवर आपले नाव कोरणे, ही वरवर बेरीज वाटते. पण नाव कोरायचे म्हणजे खडक काढायचा, तेव्हा तीही शास्त्रात बसते. पूर्वपीठिकाही आहे. पंधराव्या लेण्यात दंतिदुर्गाचा लेख आहे, आणि अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ या तारखेसह नाव खरडून ठेवले आहे. दंतिदुर्गाच्या लेखातून राष्ट्रकूटांची वंशावळ कळते, तुमच्या बाणाच्या बदामातून काय कळणार, असे टीकाकार विचारतील. स्मिथच्या खरडण्यातूनही एक गोष्ट कळते: ते नाव आज डोक्याच्या वर आहे, कारण तो उभा होता तेव्हा लेण्यात राडारोडा साचला होता. आपल्या नावावरूनही पुढच्या पिढ्यांना आपली उंची कळेल. १९५८ च्या प्राचीन स्मारक कायद्यात यासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. हा खर्च सहलीच्या अंदाजपत्रकात धरावा.

शेवटचा आक्षेप असा, की इतके सगळे वजा करायचे तर मुळात जायचेच कशाला? त्याचे उत्तर सोपे आहे. न जाता ‘पाहिले’ म्हणणे खोटे ठरते आणि जाऊन न पाहता ‘पाहिले’ म्हणणे खरे ठरते. ज्यांच्याच्याने इतका संयम राहणार नाही, त्यांनी एक अख्खा दिवस काढावा, सकाळी लवकर पोहोचावे, दहाव्या, बाराव्या आणि बत्तिसाव्या लेण्यात सावकाश बसावे, पावसाळ्यात एकोणतिसाव्या लेण्याजवळचा धबधबा ऐकावा आणि कैलास सर्वांत शेवटी, आधी वरून आणि मग आतून पाहावे. त्यांच्या परिणामांची जबाबदारी प्रस्तुत लेखक घेत नाही. बाकीच्यांसाठी एकच उपयुक्त सूचना: वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात. त्या दिवशी गेल्यास ही पद्धत पूर्णत्वाला पोहोचते आणि तिकिटाचे पैसेही वाचतात.