खोल पाण्यात जाण्याचे सहा सोपे धडे

अभिनंदन! मालवणात सेकंडहँड फायबरची होडी, तिला लटकवलेलं छोटं आउटबोर्ड इंजिन आणि दोन चाकांचा ट्रेलर, एवढा संसार तुम्ही विकत घेतला आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. अख्खा वाडा जाळी सांधत बसलेला असतो. तुम्हीही पाना-पक्कड घेऊन बसा.

धडा १ : पिन. छोट्या इंजिनाचा पंखा दांड्याला एका मऊ धातूच्या पिनीने अडकवलेला असतो. पंखा खडकाला लागला की ती तुटते. दर वेळी नवी पिन घालायचा कंटाळा येतो ना? तिथे पोलादी खिळा ठोका. तो तुटणार नाही. पुढच्या खडकाला गिअरचे दात तुटतील.

धडा २ : झिंक. इंजिनाच्या पायाला जस्ताचा तुकडा असतो. खाऱ्या पाण्यात तो अ‍ॅल्युमिनियमच्या आधी झिजतो. त्याची नेमणूकच त्यासाठी. अर्धा झिजला की लोक तो बदलतात. तुम्ही त्याच्यावर दोन हात रंग मारा. झिंक नवंकोरं राहील, पाय मात्र चाळणीसारखा होईल.

धडा ३ : इम्पेलर. इंजिनाला गार पाणी पुरवणारी ही रबरी पाकळ्यांची चकती. पाणी हेच तिचं वंगण. तेव्हा शेजाऱ्यांना आवाज ऐकवायला इंजिन अंगणातच, बिनपाण्याचं सुरू करा. मिनिटभरात पाकळ्या जळतील. पुढे समुद्रात इंजिनामागची पाण्याची बारीक धार दिसली नाही, तर पाणी वाचलं असं समजा.

धडा ४ : गिअर तेल. जाणकार खालच्या भोकातून तेल भरतात आणि वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत भरत राहतात, म्हणजे आत हवा अडकत नाही. तुम्ही वरूनच ओता. गुरुत्वाकर्षण कशासाठी आहे? जुनं तेल दुधाळ निघालं, तर सील गेलंय आणि आत पाणी शिरलंय. तुम्ही त्याला चहाचा रंग म्हणा आणि झाकण लावा.

धडा ५ : ट्रेलर. कुडाळहून ओढत आणलात, चाकांचे हब तापलेत. थांबू नका, तसेच पाण्यात घाला. आतली हवा एकदम आकसेल आणि जुन्या सीलमधून खारं पाणी ओढून घेईल. ग्रीसची खीर होईल, बेअरिंग गंजेल. अर्धा तास थांबून हब गार होऊ देणाऱ्यांना घाई कसली ती ठाऊकच नसते.

धडा ६ : बूच. पावसाचं पाणी साचू नये म्हणून किनाऱ्यावरच्या होडीचं बूच काढून ठेवतात. तेही ठेवा, घरी फळीवर, अगदी जपून. नारळी पौर्णिमेला नारळ वाहा, होडी लोटा, फोटो काढा. थोड्याच वेळात घोट्यांना गार लागेल.

पोहत परत आलात की शेजारच्या तांडेलकाकांच्या होडीत डोकवा. फळीखाली एका प्लास्टिकच्या पिशवीत डझनभर पिनी, झिंक, इम्पेलर आणि दोन बुचं.

"काका, एवढं सगळं कशाला?"

"मोडूक, रे बाबा. ह्यां नाय मोडलां, तर इंजिन मोडतलां."