साधनशूर

दानशूर आणि रणशूर आपल्याला माहीत आहेत. साधनशूर हा त्यांचा अलीकडचा भाऊबंद. वय पंचावन्नच्या पुढे, नोकरी बँकेत होती, स्वेच्छानिवृत्ती वेळेवर मिळाली. मुलगा बंगळुरूला असल्यामुळे एक खोली मोकळी. त्या खोलीला घरात 'ह्यांची लिहायची खोली' म्हणतात. तिथे टेबल आहे, दिवा आहे, कमरेला आधार देणारी खुर्ची आहे आणि एक कादंबरी आहे. कादंबरी अजून लिहायची आहे, एवढंच.

तयारीला मात्र कुणी नाव ठेवू नये. अर्पणपत्रिका झाली आहे. ऋणनिर्देशही झाला आहे. त्यातली नावं दर दिवाळीला वाढतात आणि दर लग्नसराईत, मानपानावरून, कमी होतात. शीर्षकाचा टंक ठरवण्यात एक अख्खा पावसाळा गेला. आधी शीर्षक 'मंगल'मध्ये लिहून पाहिलं. मंगल हा र. कृ. जोशींनी घडवलेला टंक, विंडोजबरोबर तो घरोघर कसा पोचला, हे आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ऐकावं लागतं. पण मंगलमधलं शीर्षक वाचलं की खाली 'आदेशानुसार व नावाने' असेल असं वाटायला लागलं. म्हणून 'मुक्ता' निवडला. आता अर्पणपत्रिका आणि ऋणनिर्देश यांच्या मधली पानं तेवढी भरायची राहिली आहेत.

ती हातानेच लिहायची, हे नक्की आहे. म्हणून शाईपेनं आली. पुण्यात अप्पा बळवंत चौकात आपण पाठ्यपुस्तकं आणायला जातो. हा तिथे निब बघायला जातो. जपानी 'मीडियम' निब युरोपी 'फाइन'च्या आसपास उमटते, हे त्याला पाठ आहे. देवनागरीला बारीकच निब लागते, नाहीतर 'ध' आणि 'थ' यांची पोटं शाईने भरतात आणि जोडाक्षरांचा चिखल होतो, असं त्याचं मत आहे, आणि ते खरंही आहे. राजमहेंद्रीचं एबोनाइटचं रत्नम पेन त्याच्याकडे आहे, कारण त्या पेनाचं नाव गांधीजींच्या स्वदेशीशी जोडलेलं आहे. शाईची बाटली उघडली की दांडेकर बंधूंनी 1931 साली घोडा छाप शाईच्या पुडीपासून कशी सुरुवात केली, ही कथा होते. कथा संपेपर्यंत निब वाळलेली असते.

मग निब धुवावी लागते. रविवार हा पेनांच्या आंघोळीचा दिवस. पाणी साधं हवं, गरम चालत नाही. लोहयुक्त शाई भरलेलं पेन तर आठवडा उलटू न देता धुतलं पाहिजे, कारण ती शाई हवेने काळी होत जाते आणि पेनात साका धरते. रविवारी दुपारपर्यंत बेसिन निळं असतं.

"अहो, हात धुवायचेत मला, पोळ्या करायच्यात."

"दोन मिनिटं. जर्मन पेन आहे, घाई करून चालत नाही."

"आजवर ज्या पेनाने काही लिहिलं नाही, ते मळतं तरी कसं?"

या प्रश्नाचं उत्तर असं, की लिहिलेलं आहे. नवं पेन आलं की तो 'श्री' लिहितो, आपलं पूर्ण नाव लिहितो, सही करतो आणि मग आडवे आठ काढतो. त्याचं समग्र वाङ्मय आजमितीला एवढंच आहे, पण ते उंची कागदावर आहे. कागद जपानी, 52 ग्रॅमचा, कांद्याच्या पापुद्र्याएवढा पातळ. शाई पाठीमागे फुटत नाही, मात्र वाळायला वेळ घेते. 'श्री' लिहून तो फुंकर घालत बसतो. शाई वाळेपर्यंत प्रतिभाही वाळते.

मध्यंतरी त्याला वाटलं, की अडचण हाताची आहे. म्हणून यांत्रिक कीबोर्ड आला. त्यात निळ्या कळा वाजतात, तांबड्या वाजत नाहीत आणि तपकिरी कळा बोटाला हलकासा धक्का देतात. त्याने निळ्या घेतल्या. शिवाय इन्स्क्रिप्ट शिकला. त्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजनं उजव्या हाताला, ही रचना त्याला इतकी पटली, की भाजीवाल्यालाही समजावून झाली. रात्री अकरानंतर खोलीतून टकटक यायला लागली. वहिनींना वाटलं, सुरू झाली एकदाची. दार ढकलून पाहिलं, तर स्वारी टंकलेखनाचा वेग मोजत होती. सरकारी परीक्षेला मराठीचे मिनिटाला 30 शब्द पुरतात, याने 42 गाठले होते. शब्द कुणाचे, हा मुद्दा वेगळा.

पुढचा शोध असा लागला, की अडचण हाताची नसून टिपणांची आहे. निक्लास लुमान नावाचा जर्मन समाजशास्त्रज्ञ होऊन गेला. त्याने आयुष्यभरात सुमारे 90 हजार चिठ्ठ्या लिहून एकमेकींना जोडल्या आणि त्यांच्या बळावर डझनांनी ग्रंथ लिहिले. साधनशूराने यातला पहिला अर्धा भाग मनावर घेतला. एक ॲप घेतलं, मग ते सोडून दुसरं घेतलं, मग पहिल्यातलं दुसऱ्यात नेण्यासाठी तिसरं. त्यातल्या पहिल्या टिपणाचं नाव 'टिपणे कशी घ्यावीत'. दुसऱ्याचं 'टिपणे कशी घ्यावीत – सुधारित'. तिसऱ्यात या दोहोंची तुलना. मी एकदा त्याला म्हटलं, इतिहासाचार्य राजवाड्यांकडे ॲप नव्हतं. गावोगाव पायपीट करून, वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं धुंडाळून त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' बावीस खंडांत छापली. तो क्षणभर गप्प बसला आणि म्हणाला, "बावीस खंड म्हणजे टॅग किती लागले असतील हो?"

वाचनाचीही हीच तऱ्हा. ई-वाचक यंत्रात शेकड्यांनी पुस्तकं आहेत. अक्षराचा आकार, ओळींमधलं अंतर, समास, पडद्याचा पिवळेपणा, सगळं त्याने जमवून घेतलं आहे. या ई-शाईच्या पडद्याला वीज मुख्यतः पान बदलताना लागते. त्याच्या यंत्राची बॅटरी चार्जिंगशिवाय फार दिवस टिकते आणि याचं श्रेय तो मोठ्या मनाने कंपनीला देतो.

हसायला सोपा माणूस आहे. पण इमारतीतल्या पोरांना विचारा. परीक्षेच्या आदल्या दिवशी कुणाचं पेन गळायला लागलं, तर पोरगं आईकडे जात नाही, तिसऱ्या मजल्यावर काकांकडे जातं. काका भिंग काढतात, निबेच्या फटीतला कागदाचा तंतू पितळी पत्रीने सोडवतात आणि पेन परत देताना पुसून देतात. त्याचं वस्तूंवरचं प्रेम खोटं नाही. त्याला भीती आहे ती वाक्याची. संपादकाकडून कविता साभार परत येते, पेन कधी साभार परत येत नाही. विशीत त्याच्या दोन कविता अशा परत आल्या होत्या, हे वहिनींनी एकदा सांगितलं, आणि लगेच विषय बदलला.

असा हा माणूस मे महिन्यात लिफ्टमध्ये अडकला. दुसरा आणि तिसरा मजला यांच्या मधोमध, अंधारात, एका हातात हापूसची पेटी. ना पेन, ना जपानी कागद, ना निळ्या कळा. मोबाइल होता, त्याची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती. त्याने अंगठ्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहायला सुरुवात केली. प्रथम अंधाराचं वर्णन. मग वरून 'कोण आहे?' विचारून उत्तर न ऐकता निघून जाणारा वॉचमन. मग देखभाल कराराचा तीन वर्षांचा इतिहास, त्यात सेक्रेटरींचं असं शब्दचित्र, की खुद्द सेक्रेटरींच्या सौभाग्यवतींनी त्यावर हसरा चेहरा टाकला. मग गरम हवेत हळूहळू पिकत चाललेले आंबे आणि त्यांच्याबरोबर पिकत चाललेला मी, असा करुणरस. शेवटचं वाक्य अर्ध्यावर तुटलं, कारण बॅटरी संपली. बाहेर माणसं जिन्यात उभी राहून वाचत होती. लिफ्ट उघडायचं सोडून दोघांनी तो मजकूर नातेवाइकांना पाठवला. अमेरिकेतून एकाची भाची विचारती झाली, "पुढे काय झालं?"

दार उघडल्यावर मी त्याचा हात धरून म्हटलं, "अहो, काय लिहिलंय! हेच लिहा की."

"छे हो," घाम पुसत तो म्हणाला, "ते काय लेखन? तो मेसेज होता. लिहायला काही साधनच नव्हतं."

ती त्रुटी त्याने आता दूर केली आहे. नायट्रोजनच्या दाबाखाली शाई भरलेलं ते फिशरचं पेन त्याने मागवलं. 1968 साली अपोलो 7 बरोबर ते अवकाशात गेलं होतं. उलटं धरलं तरी लिहितं. जोडीला कपाळावर बांधायचा दिवा आणि खिशात मावणारी, घामाने न भिजणारी वही. सगळा संच पिशवीत भरून तो दिवसातून चार-पाच वेळा लिफ्टने खाली-वर करतो. पण त्या मजकुराची सेक्रेटरींनी एवढी धास्ती घेतली, की आठवड्याच्या आत कंत्राटदार बदलला, नवी मोटर बसली, आणि तेव्हापासून मेली लिफ्ट एकदाही बंद पडलेली नाही.