बोईसरकरांसाठी बर्फावरची गाडी: प्राथमिक मार्गदर्शन

भर जुलैत बोईसर-चिल्हार रस्त्यावर, पुढे टँकर, मागे कंपनीची बस आणि टाकीवर पोरगं बसवून ज्याने बाइक काढली, त्याला जगात कुठलीही गाडी चालवता येते, असा आपल्याकडे समज आहे. मग हाच माणूस टूरबरोबर गुलमर्गला किंवा सोलांगला जातो, भाड्याचा फरकोट आणि गमबूट चढवतो आणि स्नो-स्कूटरवाल्याला सांगतो, ‘‘भाई, तू पीछे बैठ, मैं चलाता हूँ.’’ पुढचं मार्गदर्शन याच माणसासाठी आहे. स्नो-स्कूटरवाल्याने ते पाठ करून ठेवलं तरी हरकत नाही.

आधी यंत्राची, म्हणजे स्नोमोबिलची ओळख. पुढे चाकांच्या जागी दोन स्की, मागे इंजिनाच्या जोरावर फिरणारा रुंद रबरी पट्टा. क्लच नाही, गिअर नाही. त्या बाबतीत स्कूटी. बहुतेक गाड्यांना हॉर्नही नसतो. ही बातमी घरच्यांनी प्रवाशाला निघण्यापूर्वीच, बसवून, पाणी देऊन सांगावी. नवापूर नाक्यावर वीस वर्षं ज्याचा उजवा पाय ब्रेकवर आणि डावा अंगठा हॉर्नवर राहिला, त्याला हा धक्का डोंगरात सोसणार नाही.

पण खरा धोका उजव्या हाताचा. इथे नीट लक्ष द्या, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. बाइकवर आपण मूठ पिळून वेग देतो आणि घाबरलो की उजव्या हाताची बोटं आवळून पुढचा ब्रेक दाबतो. स्नोमोबिलमध्ये मूठ पिळली तर काहीच होत नाही; वेग असतो उजव्या अंगठ्याखालच्या खटक्यात आणि ब्रेक असतो डाव्या हाताला. म्हणजे समोर झाड दिसलं, आपण सवयीने उजवी मूठ घट्ट आवळली, की अंगठाही आवळला जातो आणि गाडी झाडाच्या भेटीला दुप्पट उत्साहाने निघते. म्हणून निघण्यापूर्वी गाडी बंद असताना दहा-बारा वेळा डावा हात आवळून उजवा अंगठा सोडण्याचा सराव करावा. रांगेतले लोक हसतील. हसू द्यावं.

त्याच खटक्याजवळ एक गुंडाळीची दोरी लोंबत असते. तिचं एक टोक गाडीला आणि दुसरं टोक आपल्या जॅकेटला लावायचं असतं. आपण पडलो की दोरी सुटते आणि इंजिन बंद पडतं. ही दोरी हँडलला गुंडाळून ठेवू नये. हेल्मेट आरशाला अडकवून फिरण्याची आपली परंपरा आहे, ती इथे चालवायची म्हटलं तरी बऱ्याच स्नोमोबिलना आरसाच नसतो.

पाय. खड्डा आला की पाय खाली टेकवून तोल सावरणं हे बोईसरमध्ये रक्तातच आहे. बर्फावर पाय बाहेर काढला तर तो स्कीत किंवा पट्ट्यात अडकून मोडतो. तेव्हा दोन्ही पाय फळीवर, आणि वळताना अंग वळणाच्या आतल्या बाजूला. ओढणी, लांब मफलर, साडीचा पदर कोटाच्या आत कोंबावा. फोटोत तो वाऱ्यावर उडालेला छान दिसतो, पण मागे फिरणाऱ्या पट्ट्याला फोटोचं कौतुक नसतं. गाडी मऊ बर्फात रुतलीच, तर वेग देत राहू नये, पट्टा स्वतःचीच कबर खणतो. खाली उतरून समोरचा बर्फ पायांनी तुडवावा. चिंचणीच्या वाळूत भरतीच्या वेळी कार अडकवून पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांच्या कारचं काय झालं, तेही विचारू नये.

गोठलेलं तळं दिसलं तर त्यावर जाऊ नये. सर्वसाधारण नियम असा की स्नोमोबिलला खाली निदान 12 ते 18 सेंटिमीटर पारदर्शक, टणक बर्फ लागतो. दुधाळ पांढऱ्या बर्फाची ताकद साधारण निम्मीच धरतात. बोईसरकर पावसात खड्ड्याची खोली पुढची रिक्षा किती बुडाली त्यावरून ठरवतो. तळ्यावर हा प्रयोग करता येतो, फक्त पुढचा माणूस दुसऱ्यांदा मदतीला येत नाही.

जमीन गुरगुरल्याचा आवाज आला, तर काय करायचं? डहाणू-तलासरीला नोव्हेंबर 2018 पासून इतके धक्के बसले आहेत की आपल्या भागात पहिला प्रश्न ‘भूकंप की एमआयडीसीतला स्फोट?’ असा असतो. उत्तर मिळेपर्यंत माणूस कूस बदलून झोपतो. हिमालयातल्या उतारावर या दोन्हींपेक्षा तिसरी शक्यता मोठी असते, हिमकडा कोसळण्याची. ताजा बर्फ पडल्यावर तीव्र उतारावर जाऊ नये, आणि कडा कोसळताना दिसलाच तर उताराच्या दिशेने पळण्याऐवजी बाजूला निसटावं.

एवढा खटाटोप करून हे यंत्र बनवलं कुणी? कॅनडात, क्युबेकमधल्या वॅलकूर गावच्या जोसेफ-आर्मां बाँबार्डिए या मेकॅनिकने. 1934 च्या हिवाळ्यात त्याचा दोन वर्षांचा मुलगा आजारी पडला. रस्ते बर्फाने बंद, दवाखाना गाठता आला नाही, मूल गेलं. त्याने आयुष्यभर बर्फावर चालणारी वाहनं बनवली, 1959 मध्ये हलकी ‘स्की-डू’ आणली. पुढे तिची मौज झाली. आपल्याकडे जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवरून गरोदर बाईला डोलीत घालून आणल्याची बातमी दर पावसाळ्यात येते. तिथे बर्फ नाही, चिखल आहे. त्यासाठी यंत्र कुणी शोधलेलं नाही, कारण रस्ता मंजूर आहे.

शेवटी, गुलमर्गहून परतल्यावर स्नोमोबिल विकत घ्यावीशी वाटेल. घेऊ नये. पट्ट्याने उडवलेल्या बर्फावरच यातल्या बऱ्याच गाड्यांचं इंजिन थंड होतं आणि पट्टा ज्यांवरून सरकतो त्या घसरपट्ट्यांना तोच बर्फ वंगण. डांबरावर गाडी तापून बिघडते. नवापूरच्या किनाऱ्यावर कधी पांढरा थर दिसतो, तो बर्फ नसतो, फेस असतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या प्रदूषण निर्देशांकात 93.69 गुण घेऊन तारापूर औद्योगिक क्षेत्र देशात पहिलं आलं, त्या यशाशी त्याचा संबंध जोडावा, खेळाशी नको. राहिला सातपाटीच्या बंदरावरचा बर्फ. तो खरा आहे, पण पापलेटचा आहे. त्यावर गाडी घालणाऱ्याशी नाखवा जे बोलेल, ते नवशिक्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत छापता येणार नाही.